कावळेमाथ्याचा चढ

माझे घरमालक गोटीरामशेठ घरत म्हणजे बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या पाच मजली 'हिल व्ह्यू'चे धनी. जमीन बंदराच्या प्रकल्पात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली आणि भात लावणारा माणूस भाडं घ्यायला लागला. नाव त्यांच्या मुलाने, केतनने ठेवलं, कारण तेव्हा मागे खरोखरच डोंगर होता. मी वाईकडचा, न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कारकून. पण शेठच्या लेखी माझी लायकी निराळीच. "तुमी घाटावरची मानसं, डोंगरातली. तुमाला नाय कलनार तर कोनाला?" असं म्हणून त्यांनी मला कावळेमाथ्याच्या सहलीचा सल्लागार नेमलं. मी जन्मात एकही डोंगर चढलेलो नाही, हे त्यांना ऐकायचंच नव्हतं.

कावळेमाथा म्हणजे तो मागचा डोंगर. त्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला वाघखार, शेठच्या बायकोचं, मालतीकाकूंचं माहेर. लग्न होऊन आल्यावर काकूंचं रडं थांबेना, तेव्हा तरुण गोटीराम म्हणाले होते, "रडू नको. एक दिवस तुला माथ्यावर नेतो. तिथनं तुज्या बापाचं घर दिसतं, आंगनातली चिंच पन दिसते." काकू गप्प झाल्या. शेठचं काम झालं. पुढे प्रकल्पासाठी वाघखार गाव उठलं, माणसं पांगली, बाप गेला, घर पडलं. चिंच तेवढी उभी होती म्हणे. काकूंना ती एकदा वरून बघायची होती. एवढ्या मोठ्या इमारतीच्या मालकिणीने नवऱ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

शेठ विसरले असते तर मी समजू शकलो असतो. ते विसरले नव्हते, ते प्लॅन करत होते. मधल्या काळात डोंगर खोदून त्याची माती बंदराच्या भरावाला जायला लागली. दुसरा कुणी हळहळला असता, शेठना त्यात सोय दिसली. "बगा, चढ दर वर्साला कमी व्हतोय. आमचे गुडघे पन दर वर्साला कमी व्हतान. थोडा थांबलो तर दोगांचा मेल बसंल." या हिशोबात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, पण नेमकं कुठे ते सापडत नव्हतं. त्याचाच मला जास्त राग यायचा.

दर रविवारी सकाळी शेठच्या हॉलमध्ये मीटिंग भरायची. भाकरीबरोबर सुकट न्यायची की बोंबलाची चटणी, यावर दोन रविवार गेले. माथ्यावर वारा असतो, सुकटीच्या वासाने कावळे येतील, अशी शेठना भीती. डोंगराचं नावच कावळेमाथा, कावळे येणारच, असं मी म्हणालो तर त्यांनी मला मनापासून शाबासकी दिली आणि कावळ्यांसाठी वेगळी भाकरी मंजूर केली. मग केतनने ऑनलाइन चढायच्या काठ्या मागवल्या. शेठ लिफ्टने वर जायचे आणि काठ्या टेकत जिन्याने खाली यायचे. चढायची प्रॅक्टिस का करत नाही, विचारलं तर म्हणाले, "चढ कमी व्हतोय ना." नंतर दुर्बीण आली. ती तपासून बघताना समोरच्या सोसायटीतून तक्रार आली, तेव्हा प्लॅन महिनाभर स्थगित झाला.

या सगळ्या गडबडीत मालतीकाकू चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मीही नाही.

शेवटी शेठनी ठरवलं की तयारीत कसर नको, आणि दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. डोंगरासाठी! मग कित्येक महिने ते पुढच्या गॅलरीत पाय पसरून बसले. समोर रस्ता आणि ट्रेलर, डोंगर मागच्या बाजूला. मागे बघायचं तर स्वयंपाकघराच्या गॅलरीत जावं लागतं, आणि तिथे शेठ घर बांधल्यापासून गेले नव्हते. तिथे कपडे वाळत घालायचे असतात. माझी खोलीही रस्त्याच्या बाजूची. मी यार्डात जायचो तो रस्ता डोंगराकडून जायचा, पण त्या बाजूला उंच पत्रे ठोकलेले. पत्र्यांमागे काय चाललंय ते पत्र्यांनाच ठाऊक.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही निघालो. शेठ नव्या बुटांत, गळ्यात दुर्बीण, हातात काठ्या. काकू नवी साडी नेसल्या होत्या. केतनने गाडी पत्र्यांच्या फाटकाशी थांबवली. वॉचमनने विचारलं, "किधर?"

"ऊपर," शेठ रुबाबात म्हणाले.

"ऊपर किधर?" वॉचमनने आभाळाकडे पाहिलं.

आम्हीही पाहिलं. फाटकातून आत नजर जाईल तिथवर सपाट डांबर होतं. दूर रंगीत कंटेनर एकावर एक रचलेले, त्यांच्यामागे क्रेन. शेठ काठ्या टेकत आत शिरले. केतनने वॉचमनला काय सांगितलं देव जाणे, पण त्याने आम्हाला अडवलं नाही. बऱ्याच आत जाऊन शेठ थांबले, इकडे तिकडे बघून अंदाज घेतला आणि म्हणाले, "माथा हितंच व्हता. आपल्या डोक्यावर."

मग त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. पुष्कळ वेळ फिरवली. "मालती, चिंच नाय गो दिसत."

"तोडली," काकू शांतपणे म्हणाल्या. "पावसाच्या आधी."

"तुला कोनी सांगितलं?"

"सांगंल कोन? डोंगर खाली बसला तवापासनं सैपाकघराच्या गॅलरीतनं चिंच दिसाची. दोन वर्सा बगत व्हते. सकाली कपरं वालत घालताना."

शेठच्या हातातली काठी खाली पडली. "आन मना नाय बोललीस?"

"तुमचा प्लॅन चालला व्हता ना."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. शेठ त्या नव्या गुडघ्यांवर हळूहळू खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "माझ्यासंगं नाय बगितलीस. मी नेनार व्हतो," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते. काकूंनी त्यांना रडू दिलं. केतन गाडीकडे जातो म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने काकूंनी डबा उघडला, भाकरीवर सुकट घालून त्यांच्या हातात दिली, एक तुकडा मला दिला. कावळ्यांची भाकरी बाजूला काढून ठेवली. एकही कावळा आला नाही.

खाऊन झाल्यावर काकूंनी पदराने शेठचं तोंड पुसलं, पडलेली काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि दुसरा हात स्वतः घट्ट धरला.

"चला, उतरू आता," त्या सपाट डांबरावर त्या म्हणाल्या. "सांभालून."