भरलेलं घर आणि आठ जीबी

रिकामी जागा पाहून माझ्या घरमालक काकांइतका अस्वस्थ होणारा माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल. मी फार माणसं न पाहताच हे म्हणतोय, ते मला माहीत आहे. हातोदहून कॉलेजसाठी इथे आलो तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं. पण राजेंद्र नगरातल्या त्यांच्या घरात पहिल्यांदा शिरलो, तेव्हा मला पाय ठेवायला जागा सापडेना. सोफ्यावर जुनी मासिकं, पलंगावर उघडून ठेवलेला रेडिओ, जिन्याच्या पायऱ्यांवर शेवेचे डबे आणि त्या डब्यांत शेव सोडून सगळं. स्कूटरची मागची सीट मोकळी नेणं तर त्यांच्या जिवावर येई. राजवाड्याकडे निघाले की रस्त्यात दिसेल त्याला हाक, "चल बैठ भिया, सोडतो तुला." एक गृहस्थ नको-नको म्हणत मागे बसले. त्यांना बँकेत जायचं होतं. काकांनी त्यांना राजवाड्यावर नेऊन पोहे खाऊ घातले आणि तिथेच सोडलं. मी गावी गेलो की माझ्या पलंगावरही पसारा येई. परतलो की काका तो मुकाट्याने उचलत आणि वर मलाच ऐकवत, "तू नव्हता तर पलंग काय बेकार पडू देऊ?"

सरकारी कचेरीतून रिटायर होताहोता काका कंप्युटर शिकले होते आणि घरच्या जुन्या मशीनवर त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स चढवलं होतं. माझ्याही जुन्या लॅपटॉपवर तेच होतं, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. एकदा मेमरी किती उरली ते पाहायची कमांड दिली आणि मला घामच फुटला. एकूण आठ जीबी, वापरलेली दीड, आणि फ्रीच्या रकान्याखाली अगदीच चिमूटभर. मधली गेली कुठे? काकांना दाखवलं.

"दीड तुझ्या प्रोग्रामनी धरलीये," ते म्हणाले. "बाकीच्या जागेत लिनक्सनं वाचलेल्या फायली ठेवल्यात. परत लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून. कुणाला जागा लागली की काढून देईल न."

"पण काका, फ्री तर नाहीये न?"

"अरे यार, फ्री कशाला बघतो? शेवटचा खाना बघ, अवेलेबल."

मी मान हलवली. कळलं काहीच नाही. भरलेली जागा मिळण्यासारखी कशी असेल? वर्गातल्या एकाने त्या ठेवलेल्या फायली काढून टाकायची कमांड सांगितली, ती दिली. फ्रीचा आकडा एकदम वाढला आणि मी खूश झालो. मग प्रोजेक्ट उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि जेवून येईपर्यंत आकडा परत खाली. मी परत कमांड दिली. काका दारातून बघत होते. "ते बिचारं भरतं, तू उपसतो," एवढंच म्हणाले.

अशात बातमी आली की काकांची मुलगी भोपाळहून येतेय, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन, चांगली महिनाभर. मी मनातल्या मनात घर मोजलं. एक खुर्चीसुद्धा फ्री नव्हती. मेमरी खरोखर संपली की लिनक्स एखादा प्रोग्राम स्वतःच मारून टाकतं, बहुतेक सगळ्यात जास्त जागा अडवणारा, असं मी नुकतंच वाचलं होतं. त्या घरात बाहेरचा मी एकटाच, आणि माझं प्रोजेक्टचं टेबल केवढी जागा अडवून! तोंडी परीक्षा आठवड्यावर आलेली. बाबा मंडीत हम्माली करतात, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यांचा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणालो आणि गुपचूप दुसरी खोली शोधायला लागलो. मिळाली नाही. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी बॅग तरी भरून ठेवली.

"ही बॅग कसली?" काकांनी विचारलं.

"पाहुणे येणार… घरात जागा नाही, म्हणून…"

"नाही, असं कोण म्हणालं?"

रिक्षा फाटकाशी थांबली आणि काका उठले. मासिकं गच्चीवर, रेडिओ गच्चीवर, डबे गच्चीवर. मीही हात लावला. चहा उकळेपर्यंत सोफा, दोन पलंग आणि जिना, सगळं मोकळं! मी बघतच राहिलो. धाकटा नातू माझ्या टेबलाकडे धावला, तेव्हा काका ओरडले, "ए, तिथे नाही! भियाचं काम चालू आहे. चालू काम हलवायचं नसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बॅग खोल."

मी बॅग उघडली. परीक्षेची तयारी त्याच टेबलाशी बसून केली आणि पास झालो. पण त्या महिन्यात काकांना साधा स्क्रू लागला तरी गुडघ्यावर हात ठेवत गच्ची चढावी लागे. मी आणतो म्हटलं तर म्हणत, "तुला सापडणार नाही." पसारा हाताशी का ठेवायचा, ते मला तेव्हा थोडंसं कळलं. ती कमांड मी परत दिली नाही.

आता मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्यात हॉस्टेलवर असतो. माझं अर्धं कपाट रिकामं आहे. त्यात काय ठेवावं, मला सुचत नाही. परवा फोनवर भीतभीतच विचारलं, "काका, माझी जागा रिकामी आहे का अजून?"

"रिकामी? छे! दोन पंखे खोलून ठेवलेत तुझ्या पलंगावर." पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "तू कधी येतो, ते सांग न."