बाईंच्या पुस्तकाचं मागचं पान

शिष्यवृत्तीच्या कागदावर सही घ्यायला मी पांढुर्ण्याला गेले होते. रांगेत उभी असताना वाचनालयाच्या ग्रुपवर झेंडूच्या चौकटीतला फोटो आला. वत्सलाबाई गेल्या... फोटोखाली सगळ्यांत आधी हात जोडले होते ते आमच्या वाचनालयाच्या सचिवांनी. ‘सौंसरच्या साहित्याचा दीप मालवला,’ असंही त्यांनी लिहिलं होतं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि रांगेत पुढं सरकले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो सगळाच सचिवांवर नव्हता. या गोष्टीला आता दीड महिना झाला. मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही, पण लिहिते आहे.

रामाकोना मध्य प्रदेशात, त्यामुळं तिथल्या आमच्या शाळेत सगळं हिंदीत होतं. मराठी फक्त घरी बोलायची. वत्सलाबाई तिथं शिक्षिका होत्या आणि मधल्या सुट्टीत आम्हाला मराठी गोष्टी वाचून दाखवायच्या. माझे आईबाबा संत्र्याच्या तोडणीला जातात. घरात शाळेच्या पुस्तकांशिवाय दुसरं पुस्तक नव्हतं. मी कॉलेजसाठी सौंसरला आले तेव्हा निवृत्त झालेल्या बाईंनीच मला वाचनालयात दुपारचं काम मिळवून दिलं. पुस्तकं द्यायची, परत आली की रजिस्टरमध्ये लिहायची. आमच्या वाचनालयात एक जुनी रीत आहे. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर लोक पेन्सिलीनं दोन शब्द लिहितात. ‘छान’, ‘रडवलं’, ‘शेवट घाईत उरकला’. नाव कोणी लिहीत नाही. बाई कोणतंही पुस्तक घेताना आधी उलटं धरून ते पान वाचायच्या. “पुरस्कार-बिरस्कार राहू दे वं,” त्या म्हणायच्या, “माणूस खरं काय बोलते ते इथं दिसते.”

दोन वर्षांपूर्वी बाईंनी स्वतःच एक कादंबरी लिहिली. भोसल्यांच्या काळात कन्हानकाठी छावणी पडते, आणि तिथल्या नालबंदाची मुलगी मंजुळा एका ऐटबाज शिलेदाराशी पैज लावते, की तुझ्या अवखळ घोड्याला मी एकटी नाल ठोकून दाखवते. ती जिंकते. मग त्या शिलेदाराला आठ दिवस तिच्या घरी गवताचे भारे वाहावे लागतात, आणि त्यातूनच पुढं त्यांचं जमतं. एवढीच गोष्ट, सगळी हसतखेळत सांगितलेली. पुस्तक गेल्या वर्षी नागपूरला छापून आलं. नातेवाइकांना प्रती वाटल्या, तर बहुतेकांनी कळवलं की मुखपृष्ठ सुंदर आहे. उरलेल्या प्रती बाईंच्या खाटेखाली खोक्यात राहिल्या. एक प्रत वाचनालयात आली.

“आता मले मागच्या पानाची वाट आहे,” बाई म्हणाल्या. “लोक कुठं हसले ते समजलं का मी दुसरा भाग सुरू करतो.”

महिन्याभरात पुस्तक तिघांकडे जाऊन आलं. मागच्या पानावर तीन ओळी होत्या. ‘थिल्लर.’ ‘इतिहासात अशा मुली नव्हत्या.’ आणि ‘या वयात हे सुचतं?’ तिसऱ्या ओळीचं अक्षर सचिवांचं होतं. रजिस्टरवर मी ते रोज बघते.

त्या दिवशी बाजार होता आणि बाजाराच्या दिवशी बाई हमखास यायच्या. मी पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं. बाई आल्या, तेव्हा सांगितलं की बाहेर गेलं आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच सांगितलं. बाई खूश झाल्या. “फिरून राहिलं म्हणजे,” त्या म्हणाल्या. एका आठवड्यापुरतं म्हणून बोललेलं ते खोटं मी पाच महिने ओढलं. पुस्तक माझ्या खोलीवर, कपड्यांच्या खाली.

त्याच दिवसांत बोरगावची एक बाई वाचनालयात आली. तिथल्या कारखान्यात काम करते. पहिल्या तिघांपैकी कोणाच्या तरी घरी तिच्या नणंदेनं ते पुस्तक वाचलं होतं.

“ते घोडेवाल्या पोरीचं आहे काय? माही नणंद हसू हसू सांगून राहिली होती.”

“बाहेर गेलं आहे,” मी म्हणाले.

ती पुन्हा आली, मी पुन्हा तेच म्हणाले. “कोण घेऊन बसलं वं इतके दिवस? पाठ करून राहिला काय तो?” तिनं विचारलं. वत्सलाबाईंचं घर वाचनालयापासून चार गल्ल्या पलीकडे होतं. खोकंभर प्रती पडल्या होत्या. मी तिला तिकडे पाठवू शकले असते. पण दोघी भेटल्या असत्या तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी पाठवलं नाही. एक वाचक त्यांचं पुस्तक शोधत आली होती, हेही मी बाईंना सांगितलं नाही.

शेवटची भेट बाईंच्या घरी झाली. त्यांना धाप लागत होती. दुसऱ्या भागाची वही उशाशी होती, कोरी.

“पुस्तक आलं?”

“नाही, बाई.”

“बरं, तू तर वाचलं ना. तू कुठं हसली?”

मी हसले होते. शिलेदार डोक्यावर भारा घेऊन शिंकतो आणि घोडा त्याच्या पागोट्याचा तुरा खाऊन टाकतो, तिथं मी बसमध्ये तोंडावर ओढणी धरली होती. पण बाईंच्या पुस्तकाला हसले, असं त्यांच्या तोंडावर म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे परीक्षेत लिहितो तसं बोलायचं, एवढंच मला येत होतं. मी म्हणाले, “भाषाशैली ओघवती आहे, बाई. वातावरणनिर्मितीही चांगली आहे.”

“हसण्यासारखं नसंल जमलं मग,” त्या म्हणाल्या आणि चहा घेतेस काय म्हणून विचारलं... मी नको म्हणाले. पंधरा दिवसांनी तो फोटो आला.

शोकसभेत सचिव बराच वेळ बोलले. बाईंचं पुस्तक काचेच्या कपाटात सन्मानानं ठेवायचं, असंही त्यांनी जाहीर केलं. मी खोलीवरून पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाळलं, मागचं पान आलं आणि ते थांबले.

“खोडरबर आहे का तुझ्याकडं?”

“नाही, सर.”

खणात होतं. त्यांनी पुस्तक मिटलं, कपाटात मुखपृष्ठ पुढं करून उभं केलं आणि किल्ली खिशात टाकली. खाटेखालचं खोकं तोवर बाईंचे पुतणे नागपूरला घेऊन गेले होते.

मागच्या आठवड्यात बोरगावची ती बाई पुन्हा आली. कपाटासमोर उभी राहिली, काचेवर बोट ठेवलं.

“हेच ना? आलं म्हणजे. द्या मग.”

मी सांगितलं की ते आता कोणाला देता येत नाही. लिहिणाऱ्या बाई वारल्या.

पिशवी खाली ठेवून ती वाकली आणि काचेतून मुखपृष्ठावरचा घोडा बघत राहिली. मग मला म्हणाली, “तुमी वाचलं असंल ना? कसं होतं?”

“हसवतं,” मी म्हणाले. हा शब्द तोंडातून निघायला मला इतके दिवस लागले होते, आणि ज्यांना तो ऐकायचा होता त्यांचा फोटो त्याच कपाटात, पुस्तकाला टेकवून ठेवला होता.