चिंधी बांधलेलं बोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण – कारण काही नाही. सांगायचं ठरवलंय.

गिटार मी चांगली वाजवतो. उगाच लाजण्यात अर्थ नाही. मॅट्रिकच्या वर्षी कडबा कापायच्या यंत्रात डाव्या तर्जनीची दोन पेरं गेली, तरी वाजवतो. नगरच्या कॉलेजात मला त्यासाठीच ओळखतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथं आपली काही ओळख असणं किती मोठं वाटतं – कसं सांगू?

पण ती ओळख...

दावीदमामांपासून सुरुवात करायला हवी. आईचे भाऊ. केडगावात सुतारकाम करतात, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतात. मलाही त्यांनीच शिकवली. बोट गेल्यावर मी ती भिंतीला टेकवून ठेवली होती. मामांनी ती उचलून माझ्या मांडीवर दिली, आणि स्वतःची धडधाकट तर्जनी चिंधीने तळव्याशी बांधून घेतली.

"तुजं बोट गेलंय, माजं न्हाई," ते म्हणाले. "मग तुजा हात मला कळायचा कसा?"

दीड-दोन महिने ते रोज दुपारी तसे बसत. रंधा बाजूला ठेवून, उरलेल्या तीन बोटांनी एकेक कॉर्ड शोधत. 'जी' ही कॉर्ड सोपी गेली. सी-साठी करंगळी ताणावी लागली. एफने मात्र आठवडाभर छळलं. शेवटी सगळ्यात जाड तार वरून अंगठ्याने दाबायची आणि खालच्या दोन बारीक तारा छेडायच्याच नाहीत, हे त्यांना सापडलं. गिऱ्हाइकं विचारत, करवतीनं बोट खाल्लं काय? "न्हाई," मामा म्हणत, "भाच्याचं दुखनं उसनं आनलंय."

मग कॉलेजातलं माझं पहिलं गॅदरिंग. मी वाजवलं, टाळ्या थांबेनात. सरांनी माझा हात धरून सगळ्यांना दाखवला आणि माइकवर विचारलं, अशा हातानं वाजवायला तुला शिकवलं कुणी?

एक नाव. एवढंच तर घ्यायचं होतं. घाबरलो होतो का? नाही. गोंधळलो होतो का? तेही नाही. मामा तिसऱ्या रांगेत होते – दुकान बंद ठेवून, रविवारचा पांढरा सदरा घालून आलेले. मी त्यांना पाहिलं होतं. पाहूनच बोललो –

"कुणी नाही, सर. माझं मीच बसवलं."

बाहेर मामा भेटले. "एफला अंगठा उशिरा आला," एवढं म्हणाले, पाठीवर थाप दिली आणि सायकलवर बसून गेले.

त्याला आता तीन वर्षं होत आली. माझं ते वाक्य केव्हाच केडगावात पोचलंय.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मामा वाजवत होते. चिंधी नाही – पण एफ आली की त्यांची तर्जनी अजूनही आपोआप दुमडते आणि अंगठा वरून येतो. उपासना संपल्यावर मंडळीतले एकजण हसत म्हणाले, "दावीद, या वयात भाच्याची नक्कल व्हय?"

मामाही हसले. "चांगलं हाय, तर घ्यावं की भाच्याकडून."

मी दोन हातांच्या अंतरावर होतो. बाकांवरची गीतांची पुस्तकं गोळा करत होतो. ऐकलं, आणि पुढचं पुस्तक उचललं.