गोगलगायवाली बाई

ती बाई चालायची ती खाली बघत. समोरून माणूस आला तरी मान वर नाही. आमच्या मुरबाडकडे असा खाली बघत चालणारा माणूस जमीन मोजायला आलेला असतो, म्हणून मी पहिल्या दिवसापासून तिच्यावर डोळा ठेवला. शहापूरला खोली घेऊन राहायची, पावसाळाभर आमच्या बांधावर गोगलगायी धुंडायची. गावाने नावच पाडलं, गोगलगायवाली.

"कशाला गो बाई या गोगलगायी?" मी विचारलं.

"काका, एक नस दुसरीला निरोप धाडते. तो निरोप घेणारी खाच नसेवर असते. ती कशी घडवायची, ते जनुकात लिहिलेलं असतं, म्हणजे बीजातच. गोगलगायीच्या नसा मोठ्या, नीट बघता येतात."

"मानसं फोन उचलत नाय, नि तू गोगलगायीचे निरोप बघतेस?"

ती हसली. मला ते हसणंही खरं वाटलं नाही.

बायको मात्र तिला रोज चहा द्यायची. बायकोचे हात तेव्हा कापायला लागले होते. निम्मा चहा बशीतच. डॉक्टर म्हणाला, नसांचा आजार, बरा होणारा नाही. अशात एका सकाळी बांधावर पाहतो, तर गोगलगायींच्या पाठीवर लाल ठिपके. डोकंच फिरलं. म्हटलं, ही करणी! घरातलं सगळं मीठ आणून त्यांच्यावर ओतलं.

ठिपके बाईनेच नखांच्या रंगाने दिलेले, कोणती कुठवर जाते ते कळायला. मेलेल्या उचलत ती एवढंच म्हणाली, "काका, विचारायचं होतंत."

बायको कडाडली, "तुमाला देवाचा पण संशय येल!"

मग मी विचारलंच, "यातून हिला औषध निघंल काय?"

"निघालं तरी काकूंच्या वेळेला नाही."

बाकी सगळे "होईल बरं" म्हणायचे. ही तोंडावर बोलली. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही.

बायको गेली. दहाव्याला जो तो म्हणत होता, "सुटली बिचारी." गोगलगायवाली आली, माझ्यापाशी उभी राहिली.

"सुटल्या नाहीत, काका. त्यांना जगायचं होतं."

"तुला कोन बोललं?"

"त्याच. चहा देताना."

मला कधी बोलली नव्हती. एवढा संसार केला, मला नाही. वाटलं, या बाईने आमच्या घरातून अजून काय काय नेलंय कोण जाणे. तिला चालती हो म्हणणार होतो.

म्हणालो, "बस. अजून काय बोलली ती, सांग."