कोयत्याच्या भट्टीतली जपानी तलवार

आमची भट्टी बेल्ह्याच्या बाजारतळाजवळ होती. मालक, म्हणजे माझे यजमान, सांडशीत तापलेलं लोखंड धरायचे आणि मी घण मारायची. लोहाराच्या घरात घण बाईच्या हातात असतो, त्यात नवल नाही. राग यायचा तो गिऱ्हाइकांचा. कोयत्याची धार अंगठ्यावर बघून मालकांना म्हणायचे, "काय हात हाय राव तुमचा!" आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "वैनी, च्या टाका." मी चहा टाकायची, पण साखर घालताना हात आखडता घ्यायची. एकवीस वर्षं असंच चाललं होतं. पातं माझ्या घणाखाली घडायचं आणि नाव मालकांचं व्हायचं, ही सल मला होती आणि ती मी कधी लपवलीही नाही.

गावात नुकते कुणाकुणाच्या खिशात मोबाईल दिसायला लागले होते. एका बाजाराच्या दिवशी नारायणगावात कराटे शिकवणारे एक सर मोटारसायकलवरून आले. त्यांना जपानी पद्धतीची तलवार हवी होती, नुसती सरावासाठी, म्हणून धार लावायची नव्हती. ते ऐकून मालकांचं तोंड कडू झालं.

"बिनधारेचं पातं? मंग उलथनंच न्या की!"

सरांनी हसून कागद उलगडला. खऱ्या मापात तलवार काढून आणली होती त्यांनी. पातं अरुंद, बाक हलकासा, पाठीकडे गेलेला. कोयत्याची धार बाकाच्या आतल्या अंगाला असते, हिची बाहेरच्या. मालक कागदावर बोट फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बघू करून."

भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणला. चार दिवस मी घण मारला. कोयत्याला दहा घाव पुरतात तिथे हिला शंभर, आणि एकही वाकडा पडून चालत नाही. सरांनी सांगितलं होतं, पाठीला चिखलाचा जाड लेप द्या, धारेची बाजू उघडी ठेवा आणि तापवून पाण्यात विझवा, म्हणजे पात्यावर लाटेसारखी रेघ उमटते. पण पाटा पाण्यात घातला की तडकतो, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. मालकांनी लेप दिला, पण विझवायला नेहमीचं इंजिनाचं जळकं तेल घेतलं.

तेलातून पातं वर आलं तेव्हा पाठीकडचा बाक गेलेला होता आणि टोक धारेकडे झुकलं होतं. तलवार आत गेली आणि बाहेर आला लांबच्या लांब कोयता! मी हसले. हसायला नको होतं, कारण मालक सांडशी फेकून ओट्यावर जाऊन बसले.

"सरांना निरोप धाड. म्हनावं, आमच्यानं व्हनार न्हाई."

आता मात्र माझं डोकं फिरलं. चार दिवस खांदे माझे दुखले होते, आणि निरोप कसला धाडायचा? मी ते पातं सारवलेल्या जमिनीवर ठेवलं, कोळशानं त्याची कड ओढली आणि त्यावर सरांचा कागद धरला. टोकाशी दोन बोटांचा फरक होता. बाकी सगळं बरोबर.

"ह्ये तेलात दोन बोटं खाली येतंय ना?" मी म्हणाले. "मंग विझवायच्या आधीच दोन बोटं वर उचलू. कापड आटनार म्हनून झंपर बेततानी आपन वाढीव धरतोच की."

"लोखंड म्हंजी काय खणाचं कापड हाय व्हय?"

"करून तर बघा!"

दोन दिवस त्यांनी नुसते कोयतेच घडवायला घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून दुसरा पाटा भट्टीत घातला. हे पातं आम्ही मुद्दाम जास्त बाक देऊन घडवलं. तेलात ते खाली आलं आणि कागदावरच्या रेघेवर नेमकं बसलं. लेपामुळे येणारी ती लाटेसारखी रेघ पात्यावर फिकटच उमटली, पण उमटली. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी सगळ्या गिऱ्हाइकांना गोड चहा पाजला.

मुठीला बाभळीच्या दोन फळ्या लावल्या आणि सरांच्या कागदावर होती तशी आरपार बांबूची खुंटी ठोकली. बैलांचे गोंडे विकणाऱ्याकडून काळी सुती दोरी आणली आणि ती मी मुठीवर तिढे देत गुंडाळली. सर न्यायला आले, तेव्हा अंगणात त्यांनी तलवार सावकाश फिरवून बघितली. मग माझ्या हातात दिली. मी डावा हात मुठीच्या टोकाशी आणि उजवा वर धरला.

"वहिनी, हे कुणी शिकवलं? पोरांना एवढं शिकवायला मला महिना लागतो."

"घण असाच धरत्यात," मी म्हणाले.

सर खूश होते. त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी काढली, मूठ सरकवून वेगळी केली आणि आतला उघडा पडलेला भाग मालकांपुढे धरला. म्हणाले, "जपानात कारागीर इथं आपलं नाव कोरतो. बाहेरून दिसत नाही, पण असतं. तुमचंही घाला."

मालकांनी छिन्नी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"काय नाव टाकताय?" सरांनी विचारलं.

आमच्यात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नसत. मला हाक म्हणजे 'अगं', नाहीतर 'ऐकलं का'. मालकांनी माझ्याकडे बघितलं नाही. छिन्नी लोखंडावर टेकवली आणि सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी माझं नाव घेतलं.

कुणाला बोलावताहेत, हे मला क्षणभर कळलंच नाही. मग मी ओ दिली.