'तरी' या शब्दावरची दोन वर्षं

माझी मावशी इंदुमती गुंजोटीकर जामबागच्या एका शाळेत गणित शिकवायची. गाण्यातही तिने विशारदपर्यंतच्या परीक्षा पहिल्या वर्गात पार केल्या होत्या. ताल चुकणं तिला हिशोब चुकण्याइतकंच लाजिरवाणं वाटे. पण तिचं गाणं ऐकताना लोक घड्याळ बघत. हे तिलाही दिसत होतं, आणि त्याचाच तिला वैताग होता.

म्हणून चौऱ्याण्णव साली, बेचाळिसाव्या वर्षी, ती आबासाहेबांकडे जाऊ लागली. आबासाहेब कोर्टातून निवृत्त झालेले, विधुर. शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत आणि दर गुरुवारी चार-पाच जणांना शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला आपल्या वडिलांनी रचलेलं भीमपलासीतलं एक पद दिलं: 'सांग तरी देवा, किती वेळ बसू, दार तुझे बंद, मी कुणाला पुसू.'

तिने ते दोन गुरुवारांत बसवलं. आबासाहेब म्हणाले, "सूर बरोबर, लय बरोबर. गाणं कुठंय?"

"म्हणजे काय करू?"

"भाव आण."

"कुठून आणू?"

"ते मी कसं सांगू बाई?"

मावशीने वहीत पेन्सिलीने खुणा केल्या. 'किती वेळ' या शब्दांखाली 'आर्त', 'कुणाला पुसू' खाली 'एकटेपणा'. पुढच्या गुरुवारी त्या खुणा बघत, कपाळाला आठ्या घालून ती गायली. आबासाहेबांनी हार्मोनियमचा भाता मिटला. "दाढ दुखतीय का तुझी?"

त्या रात्री ती जेवली नाही. तिचे यजमान किशोरकाका म्हणाले, "सोडून दे. परीक्षा झाल्यात ना सगळ्या?" त्यांच्याशीही ती दोन दिवस बोलली नाही.

याच सुमारास घरोघरी केबल आली होती आणि गाण्याच्या स्पर्धा टीव्हीवर दिसू लागल्या होत्या. दिलसुखनगरला कोचिंग क्लासच्या वर एका तरुण बाईंनी 'एक्स्प्रेशन' शिकवायला सुरुवात केली होती. मावशी तिथेही गेली. भिंतभर आरसा, हातात माइक. बाई म्हणाल्या, "आंटी, 'दार' म्हणताना हात असा पुढे घ्या. 'बंद' म्हणताना डोळे मिटा." मावशीने तीन रविवार दार उघडलं, मिटलं. चौथ्या रविवारी तिने विद्यानगरच्या घरात कपाटाच्या आरशासमोर स्वतःला बघितलं आणि तो क्लास सोडला.

मावशीच्या घरी फोन नव्हता. अर्ज एकोणनव्वदपासून पडून होता. पंच्याण्णवच्या जुलैत, एका गुरुवारी, शाळेतून अर्धी रजा टाकून ती टेलिफोनच्या कचेरीत गेली. तिथला कारकून म्हणाला, "आपका इलाका बदल गया अम्मा, दूसरे ऑफिस जाओ." दुसऱ्या कचेरीने पहिल्या कचेरीकडे परत पाठवलं. पहिल्या कारकुनाने मान वर न करता बाकाकडे बोट दाखवलं. "बैठो." ती पावणेदोन तास बसली. मग तो जेवायला गेला आणि खिडकी लागली.

तिथून ती तडक आबासाहेबांकडे आली. पर्स ठेवली, पाणीसुद्धा प्यायली नाही, आणि 'सांग तरी देवा' सुरू केलं.

आबासाहेब वाजवायचे थांबले. पद संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुठून आलीस?"

"टेलिफोनच्या ऑफिसातून."

"हौ, कळलं ते. भाव आला. पण सूर कुठं सांडलास? तार षड्ज फाटला, अंतऱ्यात दोनदा दम तुटला."

मावशी उभीच राहिली. "आबासाहेब, वर्षभर तुम्ही भाव भाव करताय. आणला, तर आता सूर मागताय. एकदा काय ते नक्की सांगा. मी परेशान झालेय."

"दोन्ही लागतं. एकाच वेळी. मी तरी काय करू?" मग ते जरा मऊ झाले. "बस. पाणी पी. राग पोटात ठेव, गळ्यात आणू नक्को. गळा रागावला की आवळतो. आता गाऊ नकोस. त्या कारकुनाला जे सांगायचं होतं ते या ओळीत सांग, साध्या बोलण्यात."

ती बोलली, "सांग तरी."

"पुन्हा."

"सांग *तरी*."

दोघांनाही एकदमच कळलं. तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'देवा'वर येत होती, म्हणून वर्षभर ती सगळा जोर 'देवा'वर देत होती. गाऱ्हाणं मात्र 'तरी'मध्ये होतं. दार उघडू नको, निदान सांग तरी.

मग त्या एका शब्दावर आणखी वर्ष गेलं. सम न हलवता 'तरी'ला किती वेळ थांबायचं, सुरावरून सुरावर घसरत नेणारी मींड कुठून घ्यायची, त्यासाठी श्वास आधी कुठे घ्यायचा, हे सगळं अर्ध्या आवाजात. काही गुरुवारी सूर राही आणि शब्द मरे, काही गुरुवारी उलटं. ती घरी येऊन भांडी आदळायची. आबासाहेबही एकदा म्हणाले, "तुझ्यापेक्षा कोर्टातले पक्षकार बरे होते."

शहाण्णवच्या गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिला पंधरा मिनिटं मिळाली. मी दुसऱ्या रांगेत होते. समोरच्या बायका साड्यांबद्दल बोलत होत्या. तिसऱ्यांदा 'तरी' आलं तेव्हा त्यातली एक बोलता बोलता थांबली, मग दुसरीही. मावशीचा चेहरा अगदी साधा होता, पोरांना गणित सांगताना असतो तसा. हात मांडीवर. आवाज कुठेही चढला नाही, आणि तरीही मला वाटलं की ही आता उठून कुणाचंतरी दार ठोठावणार.

कार्यक्रमानंतर मंडळाचे एकनाथराव भेटले. "इंदुताई, घरी सगळं ठीक आहे ना?" असं त्यांनी काळजीने विचारलं. ती एवढी चिडली की किशोरकाकांनी तिला बाजूला नेलं.

आबासाहेब चपला शोधत होते. "शेवटच्या आवर्तनात गंधार जरा चढा, बेसूर लागला होता," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मला मात्र ऐकताना कळलं नाही. आत्ता आठवलं."

मावशीने त्यांची चप्पल पायाने पुढे सरकवली. "मग आत्ता कशाला सांगितलंत?" ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.