सत्यवतीचं गाऱ्हाणं

स्तनाचा कर्करोग, असं मी सरळ लिहिणार आहे. कोणाला लाज वाटत असेल त्याने पान उलटावं. सत्यवतीला वाटत नव्हती, आणि ही गोष्ट तिची आहे.

सत्यवती मालवणच्या बंदरावर मासळी विकायची. छातीत गाठ आली तशी बोटीने मुंबईला गेली, डावी बाजू कापून आली, चोळीत सावरीचा कापूस भरला आणि पुन्हा बाजारात बसली. कोणी भावावरून हुज्जत घातली की म्हणायची, "माजा अर्धा सामान मुंबैक ऱ्हवला, आता सुरमय पण अर्धीच दिव?"

१९६४ साली मी नुकती बी.ए. होऊन आरोग्य पाहणीच्या कामाला लागले होते. हा आजार किती बायकांना आहे ते घरोघर विचारायचं. आकडा दिसला तर बाई डॉक्टर इकडे येणार, नाहीतर नाही. पण गाठ म्हटली की घरातल्या मुलींची लग्नं अडतात. तेव्हा जिथे जावं तिथे एकच उत्तर, "आमच्यात कोणाक नाय." माझा तक्ता कोरा!

बाजारात माझा तक्ता बघून सत्यवती भडकली. "कोरो कागद बघून डॉक्टरीण कशाक येतली गो? सोलकढी पिवक?"

दुसऱ्या दिवशी ती मला ओढतच काशीबाईंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घेऊन गेली. काशीबाई म्हणजे अख्ख्या वाडीची सासू. खळ्यात बायका कोकमाच्या सोलांसाठी रातांबे फोडत बसलेल्या, सगळ्यांचे हात लालभडक.

"परत इलंस?" काशीबाई मला म्हणाल्या. "सांगलंय मां, हयसर सगळी धडधाकट आसत. रातांबो खा आणि चल."

सत्यवतीने पदर खोचला, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. देवळात मानाच्या गावकर पुरुषांनी देवाला साकडं म्हणून घालायचं ते!

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रातांबे फोडता फोडता बायकांनी सवयीने साथ दिली.

"हयसर जी कोण छातीतली गाठ पदराखाली लपवन बसली आसा, तिची जीभ मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काशीबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आणि जी खोटा बोलात, तिची सोलां कुसांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. काशीबाईंचा हात मात्र थांबला. देवाला होय म्हणून बसलेली बाई मागे कशी फिरणार?

"भवाने!" त्या सत्यवतीवर ओरडल्या. "आसा माका! उजव्यात. शिगम्यापासून!"

त्यांची सून जानकी दचकली. "सासूबाय, तुमका पण?"

"पण? म्हणजे तुकाय आसा? मगे सांगूक नाय तां?"

"तुमीच सगळ्यांका सांगत होतास, आमच्यात कोणाक नाय!"

मग काय विचारता! एकीची जीभ सुटली, तिच्यामागोमाग दुसरीची. लाल हातांनी माझी बाही ओढत जी ती, "माजा आधी लिही!" तक्त्यावर रातांब्यांचे डाग पडले, ते तसेच वर पाठवले.

दिवाळीच्या आत बाई डॉक्टर आली. जानकीची गाठ साधी निघाली. काशीबाईंचं ऑपरेशन झालं आणि त्या ठणठणीत घरी आल्या. सत्यवती सावरीचा कापूस घेऊन हजर.

"काकी, किती भरू?"

काशीबाईंनी तिच्या चोळीकडे एकदा नीट बघून घेतलं.

"तुज्यापेक्षा जास्त!"